घरच्या घरी साखरेच्या गाठी: होळी-पाडव्याला मुलांना द्यायच्या माळांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गाठी होळीच्या की पाडव्याच्या? आमच्याकडे फक्त गुढीला लावतात.

दोन्हीच्या. पश्चिम महाराष्ट्रात, मुंबईकडे गाठी म्हटलं की गुढी आठवते, म्हणजे काठीला खण किंवा साडी, कडुलिंबाचा डहाळा, आंब्याची पानं, वर पालथा तांब्या आणि सोबत साखरेची माळ. पण विदर्भात आणि मराठवाड्यात बऱ्याच घरी गाठी होळीलाच येतात आणि त्या थेट मुलांच्या गळ्यात पडतात. खानदेशात हार-कंगन म्हणतात, गळ्यात साखरेचा हार आणि हातात साखरेचं कडं, जळगाव-नंदुरबारकडच्या कुणालाही विचारा, लहानपणीचं हार-कंगन विसरलेलं माणूस मला तरी अजून भेटलं नाही. तेलंगणातही होळीला मुलांना असेच साखरेचे हार देतात. फाल्गुन पौर्णिमा ते चैत्र पाडवा मध्ये पंधरा दिवस असतात, त्यामुळे मी एकदाच बेत करते, होळीच्या आधी मुलांच्या माळा आणि त्यातलीच एक नीट बांधून गुढीसाठी ठेवून देते.

माझं माहेर अमरावतीकडचं. आमच्याकडे होळीला आत्या यायची, तिच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या गाठी असायच्या आणि प्रत्येकाला ओळीत उभं करून ती स्वतःच्या हाताने गळ्यात घालायची. लग्नानंतर पुण्यात आले तर इथे होळीला पोळी होती पण गाठी नव्हती, म्हणून मी घरी करायला लागले आणि आता सोसायटीतल्या सगळ्या मुलांना देते.

बाजारात इतक्या स्वस्त मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला?

बाजारच्या वाईट असतात असं मी अजिबात म्हणणार नाही, भट्टीवर गाठी पाडणाऱ्या कारागिरांचा हात बघितलात तर थक्क व्हाल, भर उन्हाळ्याच्या तोंडावर उकळत्या पाकासमोर दिवसभर उभं राहायचं आणि एकसारखी माळ काढायची हे सोपं काम नाही. गुढीला मोठी, घसघशीत गाठ हवी असेल तर त्यांच्याकडूनच घ्या.

मुलांसाठी मात्र मला घरचीच बरी वाटते. एक तर उघड्यावर टांगलेल्या माळांवर धूळ आणि माश्या बसतात. दुसरं म्हणजे आकार आपल्या हातात राहतो, बाजारची माळ मोठी असते, पोर दोन मणी खातं आणि बाकीची माळ मुंग्या खातात. आणि तिसरं कारण हेच खरं, माळ गळ्यात घालताना "ही काकूने तुझ्यासाठी केली" म्हटलं की मूल ती पटकन तोडतच नाही. दिवसभर घालून फिरतं, रंग खेळायला जाताना काढून आईकडे सांभाळायला देतं.

किती साखरेत किती माळा होतात?

अर्धा किलो साखरेत आठेक छोट्या माळा. एका माळेत ७ मणी आणि मध्ये एक मोठं पदक, मणी साधारण ५ ग्रॅमचा आणि पदक २० ग्रॅमचं धरलं तर माळ ५५ ग्रॅमच्या आसपास जाते, थोडा पाक कढईला राहतोच. सात मण्यांचा काही नियम नाही, लहान गळ्याला तेवढे पुरतात इतकंच.

अर्धा किलो साखरेला १५० ते १७५ मिली पाणी, एक मोठा चमचा दूध, साच्याला लावायला बोटभर तूप, जाड सुती दोरा. बास. वेलची पूड हवी तर चिमूटभर.

आणि एक कळकळीची विनंती, पहिल्यांदा करत असाल तर पाव किलोच घ्या. पाक उतरवल्यावर तुमच्याकडे मिनिट-दीड मिनिटच असतं, तेवढ्यात सगळा ओतून व्हायला हवा, मोठा घाणा घेतला तर अर्धा कढईतच बसतो.

दूध कशाला घालायचं?

मळी काढायला. पाकाला उकळी आली की दूध घालायचं, ते फाटतं आणि साखरेतला मळ धरून फेसासारखं वर येतं, तो झाऱ्याने काढून टाकायचा. हल्लीची पांढरी साखर स्वच्छ असते त्यामुळे नाही घातलं तरी चालतं, पण खांडसरी किंवा जरा पिवळट साखर असेल तर घालाच, गाठी शुभ्र येतात.

लाकडी साचे कुठून आणू? साच्याशिवाय जमेल का?

जुने सागवानी साचे दोन फळ्यांचे असतात, मध्ये दोरा ठेवून फळ्या घट्ट बांधायच्या आणि वरून पाक ओतायचा. कुणाच्या माळ्यावर पडलेले असतील तर घासून, रात्रभर पाण्यात भिजवून मगच वापरा. ओल्या लाकडाला पाक धरत नाही, कोरड्याला असा चिकटतो की मणी फोडूनच काढावा लागतो.

नसतील तर चॉकलेटचे सिलिकॉन मोल्ड मस्त चालतात. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये केकच्या सामानाच्या दुकानांत मिळतात. फूल, शंख, बदाम असे घ्या, कंगोरे फार बारीक असलेले नको, त्यात मणी तुटतो. घेताना सिलिकॉनच आहे ना ते बघून घ्या, पातळ प्लास्टिकचे साचे गरम पाकाने वाकतात.

आणि काहीच नसेल तर स्टीलच्या परातीला तुपाचा हात फिरवा, दोरा ताणून दोन्ही टोकं काठाला चिकटपट्टीने पक्की करा आणि दोऱ्यावर चमच्याने थोड्या थोड्या अंतरावर पाक सोडा. बत्ताशासारखे चपटे मणी होतात, थोडे वेडेवाकडे, पण मुलांना तेच आवडतात. कडं करायचं असेल तर दोरा मुलाच्या मनगटाहून बराच मोठा गोल ठेवा, हात सहज आत-बाहेर जायला हवा.

पाक नक्की कधी उतरवायचा? माझा दरवेळी इथेच गोंधळ होतो.

सगळ्यांचा इथेच होतो, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

साखर आणि पाणी जाड बुडाच्या पातेल्यात घ्या, ओतायला चोच असलेलं दुधाचं पातेलं असेल तर फारच छान. मध्यम आचेवर साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. विरघळली की ढवळणं बंद. अगदी बंद. कडेला साखरेचे कण चिकटलेले दिसले तर ओल्या ब्रशने किंवा ओल्या फडक्याने पुसून घ्या, कारण तोच एखादा कण आत पडला की पाकाची वेळेआधी साखर व्हायला लागते.

मग एकतारी होईल, दोन तारी होईल, तिथे थांबू नका. एका वाटीत गार पाणी घेऊन बसा आणि त्यात पाकाचा थेंब टाकून बघत राहा. आधी थेंब पाण्यात पसरतो. मग मऊ गोळी होते, बोटाने दाबली की चपटी होते, अजून थोडं. गोळी उचलल्यावर आकार धरून राहिली आणि ताटलीवर टाकल्यावर हलका टक् आवाज आला की गॅस बंद करा. थर्मामीटर असेल तर ११८ ते १२० अंश सेल्सिअस. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासून घ्या, पुणं उंचावर आहे त्यामुळे इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, म्हणजे पाकालाही तेवढे दोन अंश कमी धरायचे. मी ११७ ला उतरवते.

आता खरी गंमत इथून पुढे आहे. पातेलं खाली घ्या, अर्धा मिनिट थांबा, बुडबुडे बसू देत. मग लाकडी चमच्याच्या पाठीने पाक पातेल्याच्या कडेला घासा, पाच-सहा वेळा, एकाच जागी. पाक आधी काचेसारखा आरपार असतो. घासलेल्या जागी एक धुरकट रेघ उमटते, चुन्याच्या निवळीत बोट फिरवल्यासारखी, ती रेघ पातेल्यात मिसळा, परत घासा, आणि मग बघता बघता सगळा पाक ताकासारखा गढूळ होतो. हा क्षण. ह्याच्या आधी ओतला तर गाठी नीट बसत नाहीत, चिवट राहतात, आणि ह्याच्यानंतर पाच सेकंद रेंगाळलात तर चमचा जड होतो आणि पाक पडतच नाही. गढूळ झाला की बोलणं थांबवा, फोन वाजू दे, दार वाजू दे, आधी ओता.

आठ-दहा मिनिटांत मणी सुटे होतात. साचा उलटा करून मागून हलकेच दाबा. माळा पंख्याखाली तीन-चार तास वाळू द्या.

लिंबू पिळू का? जिलेबीच्या पाकात पिळतात तसं.

नका पिळू. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली, पाक स्वच्छ होईल म्हणून अर्ध्या लिंबाचा रस घातला. मणी साच्यातून निघाले पण काचेसारखे, आणि संध्याकाळपर्यंत सगळे एकमेकांना चिकटून चिकट गोळा. दुसऱ्या दिवशी होळी आणि बारा मुलांना द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं, फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

कारण नंतर कळलं. लिंबाच्या आंबटपणामुळे साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात आणि हे दोघं साखरेचे दाणे बनू देत नाहीत. जिलेबीच्या पाकाला तेच हवं असतं, परत साखर व्हायला नको असते. गाठीचं बरोब्बर उलटं, तिथे साखर परत साखर व्हायलाच हवी, गाठीचा पांढरेपणा आणि तो खुसखुशीत ठिसूळपणा म्हणजे दाण्यांचाच खेळ आहे.

तो गोळा मी फेकला नाही, पाणी घालून विरघळवला आणि पुढे कैऱ्या आल्यावर पन्ह्यात वापरला.

आणि लॉलीपॉप करायचे असतील तर?

तर लिंबू हवंच. एक वाटी साखर, पाव वाटी पाणी, एक छोटा चमचा लिंबाचा रस आणि पाक थेट १५० अंशाला न्यायचा, थेंब पाण्यात टाकल्यावर कडकन मोडला पाहिजे. पण खरं सांगू, मी मुलांना गाठीच देते. गाठ तोंडात विरघळते, लॉलीपॉप दातांवर बराच वेळ बसून राहतो.

कढईतच साखर झाली, फेकून देऊ?

अजिबात नको. पाव वाटी गरम पाणी घाला, मंद आचेवर पूर्ण विरघळवा आणि पहिल्यापासून सुरू करा. ओतताना मध्येच घट्ट झाला असेल तर एक चमचा गरम पाणी घालून मिनिटभर आचेवर धरलं तरी सैल होतो, मात्र त्या शेवटच्या मण्यांचा दाणा जाड येतो.

दोरा वर तरंगतो आणि मणी गळून पडतात.

दोरा आधी पाण्यात भिजवून पिळून घ्या आणि ताणून दोन्ही टोकं चिकटवा. साचा अर्धा भरा, दोरा ठेवा, चमच्याने जरा आत दाबा आणि वरून पुन्हा थोडा पाक सोडा म्हणजे दोरा झाकला जाईल. पाठीमागे मणी थोडा फुगलेला दिसतो, दिसू दे.

दोरा पांढरा सुती, फुलवाले हार ओवायला घेतात तसा जाड. लाल-पिवळा नाडा घेऊ नका, गरम पाकात त्याचा रंग उतरतो आणि तो रंग खायचा आहे की नाही आपल्याला माहीत नसतं. नायलॉन तर नकोच.

रंग कुठला वापरू?

शक्यतो पांढऱ्याच ठेवा, सुंदर दिसतात. पिवळ्या हव्या तर चमचाभर गरम दुधात केशर खलून पाक उतरवल्यावर घाला. बीटाचा रस घालायचा मोह होतो पण त्यात पाणी असतं आणि जास्त तापला की तो गुलाबी राहत नाही, तपकिरी होतो, घातलात तर अगदी शेवटी दोन-तीन थेंबच.

दुकानातला खायचा रंग घेणार असाल तर डबीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, लायसन्स नंबर बघा, सुट्या पुडीतला घेऊ नका. आपल्याकडे ठराविक आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि बहुतेक पदार्थांत मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा किलो साखरेला ५० मिलिग्रॅम, अगदी चिमटीहूनही कमी. २०२४ साली तमिळनाडूत म्हातारीच्या केसांत रोडामाइन-बी हा कपड्यांचा रंग सापडला आणि तिथे सरकारने बंदी घातली, हे लक्षात असू द्या. होळीला घरात खेळायचे रंगही असतात, ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊच देऊ नका.

साखर नको, गुळाच्या करता येतील का?

दरवर्षी कुणीतरी विचारतंच. नाही होत. गुळात मुळातच ते ग्लुकोज-फ्रुक्टोज असतात, त्यामुळे तो साखरेसारखा पांढरा दाणा धरत नाही, फार तर चिक्कीसारखा कडक होतो आणि हवा लागली की पाझरतो. गूळ द्यायचा असेल तर तीळ-शेंगदाण्याची चिक्की द्या ना, ती उत्तमच. गाठ म्हणजे साखरच, म्हणून लहान करायची आणि सणापुरती करायची. मी आयांना सांगून ठेवते की दिवसाला दोन मणी, बाकी डब्यात.

मुलांना मदतीला घेऊ का?

पाक गॅसवर असताना आणि ओतताना स्वयंपाकघरात मूल नको. ह्यात मी तडजोड करत नाही. उकळतं पाणी निदान ओघळून जातं, पाक १२० अंशाला असतो आणि कातडीला चिकटून बसतो. चुकून उडालाच तर ताबडतोब नळाखाली, साध्या वाहत्या पाण्यात २० मिनिटं धरा, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, आणि फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर-डोळ्याजवळ असेल तर सरळ डॉक्टरकडे.

बाकी कामं भरपूर आहेत. दोरे मापाने कापणं, ते भिजवणं, थंड झालेले मणी साच्यातून काढणं, तुटलेले वेगळे करणं, टोकांना लोकरीचे गोंडे बांधणं, चिठ्ठ्यांवर नावं लिहिणं. माझी लेक सहा वर्षांची असल्यापासून चिठ्ठ्या तीच लिहिते, एका वर्षी तिने वॉचमन काकांच्या मुलाचं नाव सगळ्यात वर लिहिलं कारण त्याला आदल्या वर्षी आम्ही विसरलो होतो. ते मी तेव्हापासून यादीत सगळ्यात आधी बघते, घरकामाच्या मावशींची, इस्त्रीवाल्यांची मुलं आली का.

बाळाची पहिली होळी आहे, गळ्यात गाठी घालतात ना?

घालतात, मामाकडून येते ती, हौस करा. पण माळ घालायची, फोटो काढायचा आणि लगेच काढून ठेवायची. दोरा गळ्यात ठेवून बाळाला झोपवू नका, खेळायलाही सोडू नका. आणि खायला तर देऊच नका, दोन वर्षांच्या आतल्या मुलाला साखर न दिलेली बरी, आणि चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा मणी द्यायचा नाही, घशात अडकू शकतो. जरा मोठं असेल तर चुरून दुधात.

किती दिवस टिकतात? आमच्या मुंबईत लगेच ओलसर होतात.

कोरड्या हवेत महिनाभर काही होत नाही. मुंबई, कोकण, गोव्याकडे हवेतला दमटपणा साखर ओढून घेते, म्हणून तिथे रात्री करा, पंख्याखाली किंवा एसीत वाळवा आणि वाळल्या की लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बटर पेपरच्या घड्या घालून ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर घाम सुटतो. कोमट असताना प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या तरी तेच होतं. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटलीत.

द्यायला मी खणाच्या तुकड्यांच्या छोट्या पिशव्या शिवते, आत बटर पेपर. वेळ नसेल तर कागदी पाकीट आणि त्यावर कडुलिंबाची चार पानांची डहाळी बांधली तरी इतकं छान दिसतं.

आम्ही अमेरिकेत आहोत, काही वेगळं करावं लागेल का?

साधी ग्रॅन्युलेटेड साखर घ्या, पिठीसाखर नको, तिकडच्या पिठीसाखरेत कॉर्नस्टार्च असतो. थर्मामीटर फॅरनहाइटचा असेल तर २४४ ते २४८. इलेक्ट्रिक शेगडी बंद केली तरी तापलेली राहते, त्यामुळे पातेलं लगेच उचलून बाजूला ठेवा, नाहीतर पाक पुढे जातो. शाळेत किंवा शेजारी वाटणार असाल तर आत काय आहे ते चिठ्ठीवर लिहा, दूध घातलं असेल तर तेही.

कधी करायला घेऊ?

होळीच्या तीन-चार दिवस आधी, म्हणजे एक घाणा बिघडला तरी हातात वेळ राहतो. फक्त पाडव्यासाठी करणार असाल तर आदल्या रविवारी करा, २०२६ चा पाडवा १९ मार्चला आहे, गुरुवार.

गुढी उतरवल्यावर त्या गाठीचं काय करायचं?

सूर्यास्ताच्या आत गुढी उतरवतो तेव्हा खाली मुलं वाटच बघत असतात. दिवसभर उन्हात टांगलेली असते म्हणून आधी पुसून घ्यायची, मग पदक घरातल्या सगळ्यात लहानाला आणि मणी बाकीच्यांना. उरलेला चुरा बरणीत भरून ठेवा, एप्रिलमध्ये सब्जाच्या सरबताला, पन्ह्याला, सकाळच्या चहाला लागतो. आमच्याकडे सासऱ्यांना त्या चुऱ्याचं साधं गार पाणीच आवडतं, दुपारी बाहेरून आले की एक तांब्या.